कर्ता गहाळ

सांजदैनिकाच्या छापखान्यात थोरला मशीन चालवायचा. शिक्षण सातवीपर्यंत, पण तोरा असा की मशीन त्याच्या शब्दाबाहेर नाही. त्याहून मोठा अभिमान त्याला धाकट्या बहिणीचा. ती वरच्या मजल्यावर मुद्रितं तपासायची. "वेलांटीला पळून जायचं असलं तरी आमच्या धाकटीची परवानगी लागते," हे ऐकून ऐकून शाईवाल्याचे कान किटले होते.

त्या सकाळी पहिल्या पानाचं मुद्रित हातात घेऊनच ती खाली आली. थोरला चहा पीत होता. त्याने मथळा मोठ्याने वाचला, 'एकट्या तरुणीवर अत्याचार झाला.'

"एकटी कशाला गेली मरायला?" तो म्हणाला.

"कामावर, दादा. सकाळी आठला, गोदामात. वहिनी जाते तशीच."

थोरल्याने कप खाली ठेवला. "असं कुठं लिहिलंय?"

"शेवटच्या ओळीत. तू तिथवर पोचलासच नाहीस. मथळ्यानेच तुला तिच्यावर सोडलं."

"मग बदल की तो!"

"मथळा संपादकांचा. शब्दाला हात लावलात तर घरी बसा, असं बजावलंय त्यांनी. माझं काम ऱ्हस्व-दीर्घ."

"मी मशीनच बंद ठेवतो! बघू कोण काय करतंय."

"तू गप चहा पी." ती मथळ्याकडे बघत पुटपुटली, "पाऊस झाला. उशीर झाला. अत्याचार झाला. हे सगळं आपोआपच होतं का रे?"

तिने लाल पेन काढलं. 'एकट्या'समोर लिहिलं, 'मजकुरात नाही.' 'झाला'भोवती गोल केला आणि समासात लिहिलं, 'कर्ता गहाळ.' मग जिना चढली. थोरला मागोमाग, पण चौथ्या पायरीवरच थबकला. नोकरी तिची होती. तो तिथूनच वरचं बोलणं ऐकू लागला.

"बाई, पुन्हा?" संपादकांचा आवाज चढला. "अत्याचार हाच कर्ता आहे. व्याकरण मला शिकवता?"

"मग साहेब, पोलिसांनी अटक कोणाला केली? अत्याचाराला?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. मग मुद्रित ओढून घेतल्याचा आवाज आला.

"ही शेवटची वेळ," संपादक म्हणाले.

दुपारी मशीनमधून पहिला अंक बाहेर पडला. 'कामगार तरुणीवर बलात्कार केल्याचा गुन्हा, गोदाममालक अटकेत.' शाईवाल्याने तो हात न पुसताच उचलला. "कोण रे हा मालक? आधीही कुणाला छळलं असेल का याने?"

ती एकटी का गेली, हे त्याने विचारलंच नाही.

थोरल्याची छाती फुगली. "आमच्या धाकटीनं..." त्याने सुरुवात केली आणि अडखळला. गोष्ट पुरती सांगायची, तर आधी सकाळचं स्वतःचं वाक्य सांगावं लागणार होतं.

त्याने मशीनचा वेग कमी केला, म्हणजे शाईवाल्याला नीट ऐकू यावं, आणि तिथूनच सांगायला घेतलं.