अंगठा वर, बाकी खाली

फिजिओथेरपी शिकताना कुणी सांगितलं नव्हतं की डिग्रीबरोबर किस्सेही मिळतात! गुडघेवाल्यांचे थोडे, पाठवाल्यांचे बरे; पण पायाच्या बोटांचे व्यायाम घ्यायला लागल्यापासून माझ्याकडे किस्से ठेवायला जागा उरलेली नाही. घरी जेवताना एखादा सांगायला घेतला की नवरा आधीच हसायला लागतो, तो हसला की मी हसते, आणि किस्सा राहतो तसाच. म्हणून तुम्हाला सांगते.

मी राहते पुण्याजवळ सूसला. दर रविवारी सकाळी मुळशी धरणाजवळच्या एका गावात, देवळाच्या सभामंडपात क्लास घेते. तो सुरू झाला भागूबाईंमुळे. साठी ओलांडलेली काटक बाई. भातलावणीत बायकांच्या रांगेत वर्षानुवर्षं पहिल्या जागेवर. पहिली ज्या लयीत लावेल त्या लयीत बाकीच्या, म्हणजे मान मोठा! पण गेल्या वर्षी त्यांच्या तळपायाची कमान बसली, टाच दुखायला लागली, भातखाचराच्या चिखलात पाय ठरेना. अख्खी लावणी त्यांनी बांधावर बसून रोपांच्या जुड्या फेकल्या आणि पहिली जागा गेली सुनेकडे, मंगलकडे.

"मॅडम, बांदावर न्हाई बसायचं मला," त्या म्हणाल्या. "औंदा खाचरात उतरवा."

मी सांगितलं, तळपायात अगदी बारीक बारीक स्नायू असतात, कमान तेच धरून ठेवतात, त्यांना ताकद आणायची. पाच महिने लागतील.

"लागू द्यात. पर मी येकटी न्हाई करायची. लोकं हसत्याल." आणि पुढच्या रविवारी त्यांनीच क्लास भरवला!

*

पहिला व्यायाम ऐकायला सोपा. पाय जमिनीवर टेकवायचा, फक्त अंगठा वर उचलायचा, बाकीची चार बोटं खाली. करून बघा, मग हसा!

तात्या गावातले जुने जमीनवाले, आता रिसॉर्टच्या कामगारांना खोल्या भाड्याने देतात. पाय सपाट, आवाज दणदणीत. ते अंगठ्याकडे टक लावून बसले. अंगठा ढिम्म. भुवया मात्र वर!

"तात्या, भुवया नाही, अंगठा."

त्यांनी पुन्हा जोर लावला, तर दोन्ही हातांचे अंगठे वर! शेवटी तात्या वाकले आणि पायालाच ओरडले, "ए! ऊठ म्हंतो ना!"

आणि उठला की! सभामंडपात टाळ्या पडल्या. तात्यांचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना.

"आमच्या घरात आजवर कुनी माजं ऐकलं न्हाई," ते म्हणाले. "ह्यानं ऐकलं!"

*

मग आली बोटं फाकवायची पाळी. भागूबाईंच्या बोटांत चाळीस वर्षांची जोडवी, ती बाजूच्या बोटाला रुतायची. मी अगदी सहज म्हटलं, "व्यायामापुरती जोडवी काढून ठेवा."

सभामंडपातल्या बायका माझ्याकडे अशा बघायला लागल्या की मला वाटलं, क्लास आजच संपला.

"मालक जित्तं हायेत माजं!" भागूबाई कडाडल्या.

मालक बाहेर पायरीवर बसून तंबाखू मळत होते. त्यांनी मान वळवली. "काड की! मी हितंच बसलोय, कुटं जात न्हाई."

भागूबाईंनी बराच विचार केला. मग साबण लावून जोडवी काढली आणि सरळ मालकांच्या मुठीत ठेवली. तेव्हापासून दर रविवारी जोडवी मुठीत आणि मालक समोर! तासभर त्यांना चहालाही उठायची परवानगी नाही. एकदा बिचाऱ्यांना जरा डुलकी लागली, तर भागूबाई अर्धा व्यायाम सोडून ओरडल्या, "अवो! डोळं उगडं ठेवा!"

*

आमच्या सोसायटीतला अमेय आयटीत आहे, मॅरेथॉन पळतो. त्याच्या टाचेचं दुखणं मी त्याच क्लासला नेलं. पठ्ठ्या आला तो पाचही बोटं वेगवेगळी दिसणारे बूट घालून!

भागूबाई त्याच्या पायाशी उकिडव्या बसल्या. "ह्ये काय ओ? पायात हातमोजं?"

"आजी, हे स्पेशल शूज आहेत. यात अगदी अनवाणी चालल्यासारखं फील येतं."

भागूबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या पायाकडे पाहिलं.

"मंग काडा की ती!"

अमेयने काढले. हल्ली तो तसाच येतो, आणि बुटांचं नाव कुणी काढलं की लाजतो.

*

भागूबाईंचा मुलगा संतोष उरवड्याच्या एका कंपनीत मशीनवर आहे. दिवसभर जड सेफ्टी शूज, त्यामुळे पाय आंबलेले. त्याला मी सांगितलं, बोटं न मुडपता तळव्याची कमान वर खेचायची, दहा मोजायचे, सोडायची. बुटाच्या आतही करता येतं, कुणाला कळत नाही.

हे मी सांगितलं खरं. पण व्यायाम पायाचा असला तरी चेहरा ऐकत नाही! सकाळच्या मीटिंगमध्ये साहेब अपघात कसे टाळावेत ते सांगत होते आणि संतोष पहिल्या रांगेत दातओठ खात उभा. साहेबांना वाटलं, आपलं पटत नाहीये.

"संतोष, काही म्हणायचंय का?"

"न्हाई सर, चालू द्या! डाव्याचं झालं, उजवा ऱ्हायलाय."

*

पुढचा व्यायाम म्हणजे पायाच्या बोटांनी गोट्या उचलून वाटीत टाकायच्या. घरी गोट्या नसतील तर जे असेल ते चालेल, असं मीच म्हणाले होते. चूक माझीच!

चार दिवसांनी मंगलचा फोन. "मॅडम, आत्याबाईंना काय शिकिवलंय तुमी?"

"का गं, काय झालं?"

"लसूण पायानं, चिचोकं पायानं. काल सुपारी बी पायानंच उचलली!"

"अगं, बरंच आहे की! बोटांत ताकद येतेय."

"ताकद आली वो! पर तीच सुपारी पाव्हन्याच्या म्होरं केली. त्यानं खाल्ली बी!"

मी हसून हसून बेजार. मंगलला म्हटलं, तूही ये क्लासला. तर म्हणाली, "मला काय धाड भरलीय? दगडागत पाय हायेत माजं."

*

आणि लावणीचा दिवस उजाडला. बाईंचा पाय खाचरात ठरला नाही तर पाच महिने मी गोट्याच खेळले म्हणायचं! गाडी लावली आणि छत्री धरून बांधावर उभी राहिले.

भागूबाई उतरल्या. पोटरीपर्यंत चिखल. एक पाय रोवला, दुसरा उपसला, पुन्हा रोवला. तास झाला तरी टाचेला हात नाही! मला तर बांधावरच नाचावंसं वाटत होतं. फक्त एकच खुपत होतं. त्या उतरल्या होत्या रांगेत सगळ्यात शेवटी. पहिल्या जागेवर मंगल.

रोपं घ्यायला त्या बांधापाशी आल्या तेव्हा मी हळूच म्हटलं, "सांगा की मंगलला."

"मागून घ्यायची जागा न्हाई ती," म्हणाल्या आणि वळल्या. पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन वाकल्या.

पाचेक मिनिटांत मंगल कण्हतच ताठ झाली. "आई गं! आत्याबाई, माजी टाच धरली. म्होरं तुमी व्हा!" आणि लंगडत लंगडत बांधावर आली.

भागूबाई जागच्या जागी थबकल्या. मग पदर खोचला आणि चिखल तुडवत थेट पहिल्या जागेवर! "तरी सांगत हुते, गोट्या उचल म्हनून! बस तितं गुमान!" असं दटावून त्यांनी हात चालवायला सुरुवात केली. रांग त्यांच्या लयीत सरकायला लागली आणि बायकांनी एका सुरात गाणं उचललं.

मी छत्री टाकून मंगलपाशी धावले. तिचा पाय मांडीवर घेतला, चिखल पुसला, टाच दाबली. "इथे दुखतंय? की इथे?"

मंगल खाचराकडे बघत होती. तिथून नजर न काढता हळूच म्हणाली,

"मॅडम, मगाशी मी कुटल्या पायानं लंगडले वो?"