बाबांचा फ्रेंच डिस्को

ब्राह्मणपाऱ्यातल्या रेडिओ दुरुस्तीच्या जुन्या दुकानात मला फ्रेंच डिस्कोची एक दुर्मिळ रेकॉर्ड सापडली. रविवारी तेलीबांध्याच्या आमच्या फ्लॅटवर ती लावली, तशी आई पोळ्या लाटता लाटता बाहेर आली.

"हे गाणं तुले कुठं भेटलं? रेल्वे कॉलनीच्या गॅदरिंगमध्ये तुह्या बाबानं यावरच नाच केला होता!"

जन्मभर शिस्तीत नोकरी केलेले बाबा आणि नाच? मी त्यांनाच विचारलं, "गाण्यातलं काही समजत होतं का?"

"समजून काय करायचं होतं? तुही आई पाहून राहिली होती ना," म्हणत बाबा उठले. त्यांनी आवाज वाढवला आणि आईचा पिठाचा हात धरून खरंच नाचायला लागले.

मी हसत जाऊन गॅस बंद केला.