तोफेचा बार आणि वसंताची मैना

घरातले माणूस गेले की लोक काशीला जातात. मी ग्वाल्हेरला जायचे म्हटले तेव्हा सासूबाईंनी कपाळाला हात लावला.

"तिथे काय आहे गं?"

"एक घोडी आहे," मी म्हणाले.

माझा धाकटा भाऊ वसंता ग्वाल्हेर दरबारच्या पागेत चाबुकस्वार होता, म्हणजे नवे घोडे शिकवून तयार करणारा. चैत्रात विषमज्वराने गेला. आमचे वडील नाना हे नाशकातले नावाजलेले भिक्षुक. "पोथी सोडून लीद उपसायला गेला, आयुष्य वाया घालवलं," हे त्यांचे पालुपद तेराव्यानंतरही सुटले नाही. ऐकून माझे डोके उठायचे. ते खरेच वाया गेले का, हे मला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचे होते. यजमानांनी मुकाट्याने रजा काढली.

नाशिक रोडहून झाशीवरून गाडी थेट ग्वाल्हेरला पोचते. तिसऱ्या वर्गाने जाणाऱ्यांनी दशम्या आणि चटणी भरपूर घ्यावी. इटारसीच्या पुऱ्या गरम असतात, एवढेच त्यांचे कौतुक. उतरल्यावर टांग्याचे भाडे आधी ठरवावे. आमच्या यजमानांनी ठरवले नाही, त्यामुळे दाल बाजार, नई सडक असे ग्वाल्हेरचे लष्कर नावाचे सगळे शहर फिरून आम्ही जयेंद्रगंजात उतरलो. किल्ला मात्र प्रत्येक वळणावर दिसला, तेवढी वसुली झाली.

वसंताचे सोबती किसनराव जाधव यांच्याकडे मुक्काम होता. जाधव वहिनींनी पानात पिठले आणि नई सडकेवरची बेडई, म्हणजे डाळ भरलेली पुरी, शेजारी शेजारी वाढली. दोन्ही छान लागतात, संकोच करू नये.

"ताई, ती मैना घोडी वसंतरावांची जान होती," किसनराव सांगू लागले. "दसऱ्याच्या मिरवणुकीत तोफा उडतात, सगळ्यात पुढे तीच चालते. लेकिन आता स्वार नवा आहे. या खेपेला तोफेला बिचकली, तर पागेचे साहेब तिला काढून टाकणार. सबको शक आहे."

"तुम्हाला?"

"मला पण थोडा आहे," ते म्हणाले. खोटे बोलणारा माणूस नव्हता.

दसऱ्याच्या सकाळी पागेत घोड्यांची पूजा असते. बघायची तर लवकर जावे, नंतर उभे राहायला जागा नसते. किसनरावांनी ताट माझ्याच हाती दिले. मैना काळीभोर, उंच, आणि चांगलीच आखडू. मी तिच्या पायांवर पाणी घातले, कपाळाला कुंकू लावले. मग ओवाळले. ती स्वस्थ उभी होती. भावाला ओवाळायची सवय असलेला हात, त्याला घोडी कशी चालणार? पण चालली.

दुपारी शमीपूजनाची मिरवणूक निघाली. हत्ती, झुली, वाजंत्री, भगवे फेटे, सगळे डोळे भरून बघण्यासारखे. मी मात्र एकाच घोडीकडे बघत होते. पहिला बार झाला. मागचे दोन घोडे उधळता उधळता आवरले. मैना जागची हलली नाही. फक्त मान उजवीकडे वळवून तिने नाकपुड्या फुलवल्या. दुसरा बार, पुन्हा तसेच.

"ती काय शोधतेय?" मी वहिनींना विचारले.

"हरभरे," वहिनी म्हणाल्या. "भाऊजी आधी परात बडवायचे अन् मूठभर हरभरे द्यायचे. फिर बंदूक, फिर तोफ. चाबूक कधी उचललाच नाही. शिकवताना त्या बाजूला तेच उभे राहायचे ना."

मी भर रस्त्यात रडले, आणि मान ताठ ठेवून रडले. शेजारच्या अनोळखी बाईला सांगितलेसुद्धा, "माझ्या भावानं शिकवलीय ती." किसनराव गर्दीतून हात उंचावून ओरडत होते, "ताई, देखा? देखा?"

परत आल्यावर सासरी न जाता आधी माहेरी गेले. नानांना सगळे सांगितले, परातीपासून तोफेपर्यंत. ते संध्येला बसायची तयारी करत होते. "बरं," एवढेच म्हणाले आणि पळी शोधू लागले. पळी त्यांच्या हातातच होती.

वसंता अजून रोज आठवतो, त्यात काही कमी झालेले नाही. पण आता तो आठवला की आधी अंथरुणावरचा चेहरा येत नाही, ती काळी मान येते. कुणाच्या मनात असेच काही अडकले असेल, तर ज्या कामात आपले माणूस रमले ते काम एकदा जाऊन बघावे.

मी माहेरी पोचले त्याच्या दुसऱ्या दिवशी नानांकडे वास्तुशांतीचा मुहूर्त विचारायला एक गृहस्थ आले. मी पाण्याचे तांब्या-भांडे घेऊन ओटीकडे निघाले, तर नानांचा आवाज ऐकू आला.

"मुहूर्त बघू सावकाश. आधी हे ऐका. तोफ उडाली तरी घोडी जागची हलत नाही! चाबूक न उचलता शिकवली. शिकवण्याची हातोटी घराण्यातच असावी लागते, आमच्या वसंतात ती होती."

तो गेल्यापासून नानांनी त्याला पहिल्यांदाच 'आमचा' म्हटले होते.