पहिलं नाव जावबायचं

जावबायला जाऊन वर्षही सरलं नव्हतं आणि मी फुगडी घातली.

आज तिचं वर्षश्राद्ध. म्हणून बोलून टाकते. चौथीपर्यंत शिकलेली बाई मी. लिहिताना चुकलं तर हसा, पण वाचा.

जावबाय म्हणजे माझी थोरली जाऊ. एका चुलीवर आमचे दोघींचे संसार झाले. भांडलोही तितक्याच. तिच्या हातचं बांगड्याचं तिखलं...

नको, आज श्राद्धाच्या दिवशी मासळीचं नाव नको.

तर, आमच्या वाडीत फुगडीचं एक जुनं गाणं आहे. कोणी रचलं, कोणाला ठाऊक नाही. सासूची सासूही तेच म्हणायची. त्यात एकेका बाईचं नाव घालतात आणि तिची मस्करी करतात. कोणाची भाकरी करपते, कोणाचा घोव घोरतो. जिचं नाव आलं तिने उठून फुगडी घालायची.

बायका जातात, नव्या सुना येतात, गाणं आपलं ताजंच. आता तर पोरी रील करतात त्याच्यावर!

पहिलं नाव वाडीतल्या सगळ्यांत मोठ्या बाईचं. म्हणजे जावबायचं. आणि फुगडीला तिची जोडीदार कायम मी.

मी चिडवायचे, "गो, एकदा तरी माझा नाव पयला येव दी!"

ती म्हणायची, "येतला. मी मेल्यार."

आणि दोघी पोट धरून हसायचो.

ह्या चवथीला शेजारी गणपतीसमोर बायका जमल्या. घरात कोणी गेलं की वर्षभर आम्ही फुगडी घालत नाही. मी नुसती बघायला गेले होते. देवाशपथ. कोपऱ्यात बसले होते.

पोरींनी गाणं धरलं.

पहिलं नाव माझं.

काय सांगू, पाय ऐकेचनात! साडी सावरत उठले आणि दम लागेपर्यंत घातली. हसत हसत.

आणि मला आवडलं हो. खूप आवडलं. तेच तर मनाला खातंय.

नातीने व्हिडिओ टाकला. "आजी रॉक्स" काय, बदाम काय! मी चोरून परत परत बघायचे. आणि दरवेळी कानात तिचं "मी मेल्यार".

आज तिची मुलगी सुषमा नांदगावहून आली. जेवणं उरकल्यावर मोबाईल घेऊन माझ्याजवळ बसली. व्हिडिओ तिनेही बघितला होता.

मला मान वर करवेना.

"बाय गो, माका माफ कर. तुझ्या आवशीचा वर्ष सरूक नाय आणि मी म्हातारी नाचलंय."

"काकी, आधी ह्यां बघ." तिने व्हिडिओ सुरुवातीलाच थांबवला.

माझं नाव घेतलंय. मी उभी आहे. पण फिरत नाही. उजवा हात पुढे केलाय, आणि समोर कोणीच नाही.

मग एक पोरगी धावत येऊन तो हात धरते.

"हात कोणासाठी फुडे केलंस गो?"

इतक्या वेळा बघितला, मला दिसलंच नव्हतं. मी माझं हसणंच बघत होते.

सुषमा डोळे पुसत म्हणाली, "आये आसती तर बोलली आसती, 'बाये, आधी पदर खोच!'"

मग आम्ही दोघी हसलो. श्राद्धाच्या दिवशी. हे आणखी एक.

मन अजून हलकं झालेलं नाही, खोटं कशाला बोलू? पुढच्या चवथीलाही पहिलं नाव माझंच येणार. आणि मला आवडणारच.

पण हात आधी तुझ्याकडेच जाईल, जावबाय.

जंय आसशीत थंय बरी रव गो. तुका हात जोडतंय.