सुर्व्यांच्या रेडिओचा डावा नॉब

"पडला कुठेतरी. तुम्ही नवा बनवा," सुर्वे म्हणाले.

रेडिओ माझ्या टेबलावर होता. जुना, लाकडी, व्हाल्व्हवाला. उजवीकडे स्टेशन लावायचा नॉब जागेवर होता. डावीकडे, आवाजाचा नॉब असतो तिथे, नुसती पितळी दांडी बाहेर आलेली. नॉब ज्यावर बसतो त्या दांडीला स्पिंडल म्हणतात. ह्या स्पिंडलवर पकडीचे दात खोल उमटले होते. वर्षानुवर्षं कुणीतरी ती पकडीनं फिरवली होती.

मी डेंटल टेक्निशियन. डॉक्टर तोंडाचं माप घेतात, कवळी किंवा कॅप आम्ही लॅबमध्ये बनवतो. परळच्या लॅबमधून रिटायर झाले आणि जुन्या रेडिओंचे नॉब दुरुस्त करायला लागले. काम जवळपास तेच. साचा घ्यायचा, अ‍ॅक्रिलिक भरायचं, रंग जुळवायचा, पॉलिश मारायचं. फक्त रेडिओ 'टोचतंय' म्हणून परत येत नाही.

"इतकी वर्षं पकडीनं भागवलंत. मग आताच का?"

"हातात जोर राहिला नाही, मॅडम. पकड निसटते." सुर्वे लालबागचे. पंचाहत्तरी ओलांडलेले, पण शर्ट कडक इस्त्रीचा.

उजव्या नॉबचा साचा घेऊन डावा बनवता आला असता. पण ह्या मॉडेलचे दोन्ही नॉब वेगळे. उजवा मोठा, त्याला साधी पितळी कड. डाव्यावर पितळेचं एक पान असतं आणि पानाचं टोक आवाज किती आहे ते दाखवतं. ते पान कसं होतं हे सुर्व्यांनी हवेत बोट फिरवून मला दाखवलं. देठाची वेलांटीसुद्धा.

"असं नाही जमणार. सॅम्पल लागेल," मी म्हटलं.

चोरबाजारात बघितलं. रेडिओवाल्यांच्या ग्रुपवर रेडिओचा फोटो टाकून डावा नॉब आहे का विचारलं. कुणाकडेच नव्हता. तेवढ्यात एका दुपारी फोन आला.

"ताई, मी सुर्व्यांची मिसेस. तो नॉब पडलाबिडला नाही हां. माझ्या नणंदेकडे आहे, माटुंग्याला."

मग त्यांनी सगळं सांगितलं. नणंद शालन, सुर्व्यांची धाकटी बहीण. तिनं ऑफिसातल्या एका ख्रिश्चन मुलाशी लग्न ठरवलं. वडील नव्हते, घरात शब्द सुर्व्यांचा. ती समजावायला लागली तशी सुर्व्यांनी रेडिओचा आवाज वाढवला. ती आणखी मोठ्यानं बोलली, त्यांनी आणखी वाढवला. शेवटी तिनं रेडिओ बंद केला, नॉब उपसला आणि तो मुठीत घेऊन घराबाहेर पडली.

"ती परत आली नाही. आणि ह्यांनी कधी दुसरा नॉब बसवू दिला नाही," वहिनी म्हणाल्या. "मी म्हणायचे, आणा की एखादा. तर नको. पकड घेऊन बसायचे."

मी माटुंग्याला गेले. शालनताईंनी दार उघडलं. मिस्टर जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी बडोद्याला. मी रेडिओचं नाव काढताच त्या मला थेट स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. नॉब चमच्यांच्या ड्रॉवरला हँडल म्हणून लावला होता. रोजच्या हातानं पितळेचं पान झळझळीत झालं होतं.

"आमच्या ह्यांनी बसवला. म्हणाले, तुझ्या माहेरचं एवढंच आलंय, ते तरी कामाला लागू दे."

"तुमच्या दादांना हवाय तो," मी म्हटलं.

त्या म्हणाल्या, "देते की. पण मी येऊन माझ्या हातानं लावणार. दादाला सांगा तसं."

आता सुर्व्यांना सांगणं भाग होतं. वहिनींना विचारूनच फोन केला. शालनताईंची अटही सांगितली.

सुर्वे म्हणाले, "तुम्हाला साचा घेता येतो ना?"

"येतो."

"मग साचाच घ्या. तिला कशाला त्रास."

मी ते तसंच शालनताईंना कळवलं. वाटलं, त्या नकार देतील. त्या म्हणाल्या, "घ्या. त्याचं अडायला नको." मी पुन्हा गेले तेव्हा त्यांनी स्वतः स्क्रू काढून नॉब माझ्या हातात दिला. ओट्यावरच सिलिकॉनचा साचा घेतला. तो सुकेपर्यंत आम्ही चहा प्यायलो. साचा सुटल्या सुटल्या त्यांनी नॉब ड्रॉवरला परत लावून टाकला.

काम चोख झालं. दातांची शेड जुळवायची पट्टी असते, तिच्यावर त्या नॉबचा हस्तिदंती रंग बरोब्बर सापडला. पान गिरगावातल्या एका सोनाराकडून पितळेत ओतून घेतलं. लालबागला जाऊन नॉब मीच बसवला. सुर्व्यांनी दोन बोटांनी फिरवला. खट्ट झालं, दिवा लागला, हळूहळू आवाज आला.

"अगदी तोच," ते म्हणाले. वहिनी आत निघून गेल्या.

काही आठवड्यांनी सुर्व्यांचा फोन. नॉब लूज झालाय, बघून जा. मी गेले. नॉब घट्ट होता. तरी काढून पुन्हा दाबून बसवला, म्हणजे त्यांना बरं वाटेल.

"माटुंग्याला कोणत्या मजल्यावर राहते?" त्यांनी विचारलं.

"तिसऱ्या."

"लिफ्ट आहे?"

"आहे."

"गुडघे कसे आहेत तिचे? आईला त्रास होता."

मी मोबाइल काढला. "नंबर देते. तुम्हीच विचारा ना."

"नको, नको." ते रेडिओकडे बघत म्हणाले, "आता फोन करून काय सांगू? कारण काय?"

मी मोबाइल पर्समध्ये ठेवला. एवढी वर्षं एक कारण शिल्लक होतं, तिच्याकडचा नॉब. तेही मी पॉलिश करून त्यांच्या घरी पोचवलं होतं. हा नॉब बनत नाही, एवढं एक वाक्य मी बोलले असते तर कदाचित त्या दोघांना एकमेकांसमोर यावं लागलं असतं. कदाचित नसतंही. दिवाळीनंतर शालनताई मुलीकडे बडोद्याला कायमच्या गेल्या. फ्लॅट विकला असं वहिनींकडून कळलं. मध्ये कुणी कुणाला फोन केला नाही.

हल्ली कुणी हरवलेला नॉब बनवून मागितला, तर मी आधी मूळ नॉब कुणाकडे आहे ते विचारते. गिऱ्हाईक उत्तर द्यायला अडखळलं, तर ऑर्डर घेत नाही. मटेरियल येत नाही म्हणून सांगते.