म्हादूआबा आणि फुजैऱ्याचा थोर

शुक्रवारी दुपारी म्हादूआबांना भेटायला दुबईतल्या करामातून फुजैऱ्याकडे निघालो. गाडीत बसताच माझ्या नऊ वर्षांच्या लेकीनं, इरानं विचारलं, "बाबा, इज ही रिअली अ चॅम्पियन?"

"गावाच्या वेशीवर त्यांच्या नावाची कमान आहे," मी म्हणालो. "तीही ते जिवंत असताना!"

सांगलीकडच्या आमच्या गावात म्हादूआबांसारखा गाडीवान झाला नाही. बैलगाडीच्या शर्यतीत त्यांनी ओळीनं सात मैदानं मारली. मग शर्यतींवर बंदी आली आणि आबा फुजैऱ्याला तेलाच्या टर्मिनलवर कामाला लागले. उधळलेला बैल त्यांच्या नुसत्या नजरेनं खाली बसतो, असं गावात शाळामास्तरसुद्धा सांगतात.

हजरचे उघडेबोडके डोंगर ओलांडून समुद्राकाठी पोहोचलो. आबा बैलांच्या झुंजीच्या मैदानाबाहेर करक (कडक दुधाळ चहा) पीत उभे होते. ढेरी सुटलेली, डोक्यावर कंपनीची टोपी. इराचा चेहरा पडला.

इथे बैल गाडी ओढत नाहीत. डोक्याला डोकं लावून रेटतात. मागं सरला तो हरला. "थोर! थोर!" शेजारचे कंदुरावाले (पांढऱ्या झग्यातले) म्हातारबा ओरडत होते.

"अरबीत बैलाला थोर म्हणत्यात," आबा म्हणाले. "आपल्याकडं उलटं हाय."

तेवढ्यात हरलेल्या थोरानं दावं तोडलं आणि तो थेट आमच्याकडे धावला. मी आबांकडे पाहिलं. आता ती नजर!

पण आबांनी नजर नाही, इराला उचललं आणि धूम ठोकली. ढेरीसकट कठडा ओलांडून ते एका पिकअपमागं गडप झाले. बैल पिकअपपाशी आला, हौद्यातल्या गवताला तोंड लावलं आणि चरत राहिला.

"यल्ला, खलास!" (चला, झालं!) म्हणत चौघांनी त्याला धरून नेलं.

आबा घामानं निथळत होते. "लेका, जन्मभर बैल मागनं बघितला," ते धापा टाकत म्हणाले. "समोरनं आज पयल्यांदा!"

इरा त्यांच्या गळ्याला तशीच बिलगून होती. खाली उतरायलाच तयार नव्हती.

"गावात सांगू नगंस," निरोप घेताना ते हळूच म्हणाले.

परतताना पंपावर थांबलो, तर मी आबांना भेटणार हे ठाऊक असलेल्या गावाच्या ग्रुपवर विचारणा आलेलीच होती : आबांचा पराक्रम बघितला का? आबांबद्दल मी आजवर फक्त ऐकीव गोष्टीच सांगत आलो होतो. आज पहिल्यांदाच स्वतः पाहिलेली हाताशी होती, आणि मला ती कमानीपेक्षा मोठी वाटत होती.

मी लिहिलं, "बघितला. माझ्या पोरीला कडेवर घेऊन आबांनी आठवं मैदान मारलं. बैल दुसरा आला."