बर्फावरची चौदा वर्षांची पोर

उमापूरकरांनो, आज दुपारी शेजारची कोमल माझ्या मोबाईलवर परदेशातली ज्युनिअर फिगर स्केटिंग स्पर्धा बघत होती. बर्फावर एका पोरानं जोडीतल्या पोरीला उंच फेकलं अन् अलगद झेललं.

कोमलचे चुलते ऊसतोडीला टोळ्या नेणारे मुकादम. दारातून तेही बघत होते. "किती वर्षांची हाय ही?"

"चौदा. माझ्याएवढीच," कोमल म्हणाली.

मग ते मोबाईल सोडून कोमलकडंच बघत राहिले.

आपल्याकडं तोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकट्या पोराला टोळीत घेत न्हाईत, म्हणून दसऱ्याआधी घाईनं कोवळ्या पोरींशी लग्नं उरकतात. दसरा आता तोंडावर आलाय.

जाताना कोमल म्हणली, "मावशी, संध्याकाळी फायनल लावा, मी येते."

फायनल सुरू झालीय, कोमल अजून आली न्हाई. कोमलच्या दारात अनोळखी जीप उभी हाय. तुमी माझ्या जागी असता, तर आत्ता काय केलं असतं?